मिनीबाईकचा एक्झॉस्ट पाईप घरी कसा बनवायचा: फ्लँजपासून जाळीपर्यंत

पंपाचं नाहीतर फवारणी मशीनचं इंजिन उचलून फ्रेमवर बसवलं, क्लच आला, चेन आली, आणि मग कळतं की मूळ सायलेन्सरचा तो पत्र्याचा डबा नेमका मांडीला लागतोय किंवा सीटखालच्या पाइपात घुसतोय. मग माणूस व्हिडिओ बघायला बसतो. ते बहुतेक अमेरिकेतले, तिथला गडी तयार फ्लँज (पाइपच्या तोंडाची, इंजिनाला नटाने आवळायची जाड पट्टी) आणि तयार बेंड घेऊन येतो, खटाखट मिग (वायरचं वेल्डिंग) मारतो आणि मोकळा. आपल्याकडे गावात तो फ्लँज कोण देणार? म्हणून हा लेख ग्रिलवाला, भंगारवाला आणि हार्डवेअरचं दुकान एवढ्यात जे मिळतं त्यावर लिहिलाय.

इंजिन कोणतं धरलंय ते आधी सांगतो. होंडाचं जीएक्स160 आणि त्याच धर्तीचं चिनी 168एफ, म्हणजे 163 सीसी, 68 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 45 मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), फोर स्ट्रोक. त्याचं थोरलं भावंड 196 सीसीचं (स्ट्रोक 54) असेल तरी सगळं असंच लागू पडतं. टू-स्ट्रोक असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, त्याच्या पाइपचं गणितच वेगळं.

## आधी डोक्यातून काय काढायचं

पाईप बदलला की गाडी सुसाट पळेल, हे. या इंजिनाला गव्हर्नर आहे, 3600 आरपीएमच्या आसपास तो थ्रॉटल आवळतो, आणि जास्तीत जास्त टॉर्क 2500 लाच येऊन गेलेला असतो. ट्यूनिंगवाले पाइपची लांबी काढायला एक जुना ठोकताळा वापरतात: 850 गुणिले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते (180 अधिक बीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात खाली पोचायच्या आधी जितके अंश उघडतो तितके), भागिले आरपीएम, वजा 3, उत्तर इंचात. व्हॉल्व्ह 50 अंश आधी उघडतो असं धरलं तर 3600 ला उत्तर येतं साधारण 51 इंच. सव्वाचार फूट! अख्खी मिनीबाईकच जवळपास तेवढी असते. त्यामुळे ट्यून केलेली लांबी वगैरे विसरा, दीड-दोन फुटांत नीट वळवलेला, न गळणारा, न हलणारा पाईप झाला तर काम फत्ते.

आणि हो, कोणीतरी सांगेलच की गव्हर्नर काढून टाक म्हणजे पाइपचा फायदा दिसेल. नका काढू. आतला कनेक्टिंग रॉड आणि बिडाचा फ्लायव्हील या आरपीएमसाठीच बनवलेत, फ्लायव्हील फुटला तर तो तुमच्या पायांच्या मधोमध असतो.

## 1. सामान आणि हत्यारं

सामान:
- एमएस (साधं लोखंड) ईआरडब्ल्यू (लांबीला वेल्डची शिवण असलेला) पाईप, 1 इंच बाहेरचा व्यास, 16 गेज (1.6 मिमी). एक मीटर पुरतो, वजन मीटरला साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास. दुकानात 20 फुटी लांबी असते, ग्रिलवाल्याकडे कटपीस पडलेले असतात ते मागा, किलोवर देतो.
- फ्लँजसाठी 6 मिमी जाडीची एमएस पट्टी
- सपोर्टसाठी 3 मिमी पट्टी
- फ्लँज वेल्ड करताना खाली धरायला 10 मिमीची प्लेट, तळहाताएवढी
- एम8 चे स्टड (डोकं नसलेले बोल्ट) आणि नट (आटे 1.25 पिचचे)
- तांब्याचा पातळ पत्रा किंवा तयार एक्झॉस्ट गॅस्केट
- रॉकवूल आणि जाळी, सायलेन्सरसाठी
- 600 डिग्री सोसणारा हीट-रेझिस्टंट पेंट

हत्यारं: 4 इंची ग्राइंडर, कटिंग व्हील, फ्लॅप डिस्क, ड्रिल, व्हर्नियर, गोल कानस, गुण्या, शेगडा (व्हाइस), आणि वेल्डिंग मशीन. आर्क असेल तर 2 मिमीचा 6013 रॉड, मिग असेल तर 0.8 ची वायर. स्वतःचं मशीन नसेल तर सगळं कापून, जुळवून, खुणा करून वेल्डरकडे न्या, त्याचं काम मग थोडक्यात होतं. अर्धवट जुळवून नेलं तर तो त्याच्या मनाने जोडतो आणि पाईप मग चेनवर टेकतो.

गॉगल, वेल्डिंगचा हेल्मेट, चामडी हातमोजे, सुती कपडे. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणारे खूप आहेत, तुम्ही त्यात नको.

## 2. पाईप निवडताना: जीआय नको म्हणजे नको

हा मुद्दा वेगळा काढलाय कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. नळाच्या दुकानात जीआयचा पाऊण इंची पाईप, एल्बो, निपल सगळं तयार मिळतं, आटे पाडलेले, नुसतं फिरवून जोडायचं, मोह होतोच. पण जीआयवर जस्ताचा थर असतो, आणि जस्त साधारण 907 डिग्रीला उकळतं, वेल्डिंगचा आर्क त्याच्या कितीतरी वर. जो पांढरा धूर निघतो तो नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, तोंडाला धातूची चव, वेल्डर लोकांना हा ताप चांगला माहीत असतो. शिवाय वेल्ड सच्छिद्र होतं, बुडबुड्यांनी भरलेलं. कोणी म्हणेल ॲसिडमध्ये बुडवून जस्त काढ, तर ते अजून एक लफडं, सरळ काळा पाईप आणा.

खुर्ची-टेबलचा क्रोम केलेला पाईप पण नको, त्या क्रोमचा धूर जस्तापेक्षा वाईट.

पाईप साफ करायला थिनर किंवा ॲसिटोन चालतं, पूर्ण वाळू द्या. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मात्र वेल्डिंगच्या जागी मारू नका, त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनची द्रव्यं असतात आणि आर्कच्या उष्णतेने त्यांचा विषारी गॅस होतो.

मापाचं म्हणाल तर दुकानदार "पाऊण इंची" म्हणतो तेव्हा तो नळाचं नॉमिनल माप सांगतो, त्याचा बाहेरचा व्यास 26.9 मिमी भरतो. "एक इंची" नळाचा 33.7. आपल्याला लागतो तो फर्निचर-ग्रिलवाला 1 इंच, बाहेरून 25.4, आतून 22 च्या जवळ. व्हर्नियर खिशात घेऊन जा म्हणजे वाद नको. तुमच्या हेडच्या पोर्टचं (इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या भोकाचं) तोंड मोजा, पाइपचं आतलं माप त्याच्या जवळपास हवं. दीड इंची पाईप लावून "मोकळा श्वास" मिळत नाही, उलट गॅसचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मेंगळट होते.

## 3. फ्लँज

खरं काम इथेच आहे. पाईप वाकडा झाला तर दिसायला वाईट दिसेल, फ्लँज वाकडा झाला तर गाडी आयुष्यभर फटफट करत गळत राहील.

मूळ सायलेन्सर काढला की त्याचं गॅस्केट निघेल. तेच तुमचं टेम्प्लेट. पट्टीवर ठेवून खिळ्याने बाहेरची रेघ, दोन स्टडची भोकं आणि मधलं भोक आखा. गॅस्केट फाटलं असेल तर जाड कागद पोर्टवर धरून बोटाने दाबत फिरवा, कडा उमटतात. स्टडची भोकं 8.5 मिमीची पाडा, 8 ची पाडली तर फ्लँज आत जाताना अडकतो, 10 ची केली तर फ्लँज सरकतो आणि पाइपचं तोंड पोर्टच्या तोंडाशी जुळत नाही. मधलं 25.4 चं भोक पाडायला होल सॉ नसेल तर लेथवाल्याकडे द्या, फार वेळचं काम नाही त्याला. छोटी छोटी भोकं गोलात पाडून मधला तुकडा पाडणं आणि मग कानसणं, हेही होतं, पण दंड भरून येतात.

पाईप फ्लँजच्या भोकात पूर्ण आरपार घालू नका. साधारण 2 मिमी आत ठेवा, मग आतून एक फेरा वेल्ड आणि बाहेरून एक फेरा, आणि आतला फेरा फ्लँजच्या तोंडासपाट ग्राइंड करून टाका.

स्टडच्या लांबीकडे लोकांचं लक्षच नसतं. मूळ सायलेन्सरच्या फ्लँजचा पत्रा पातळ, तुमचा 6 मिमी. नट पूर्ण बसून वर एक-दोन आटे दिसले पाहिजेत. नसतील दिसत तर लांब स्टड लावा. जुना स्टड काढायला दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाने उलटं फिरवा, पकडीने ओरबाडू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवायला टर्नरकडे पळापळ.

## 4. रस्ता ठरवणं

जाड गॅल्व्हनाइज्ड तार घ्या, बांधकामाची असते ती नव्हे, जरा आकार धरणारी. पोर्टच्या मधोमध एक टोक धरून तारेनेच पाइपचा रस्ता वाकवून बघा. आता गाडीवर बसा. खरंच बसा, पाय फूटपेगवर ठेवा, गुडघे आत-बाहेर करा, गाडी दोन्ही बाजूंना झुकवा. तपासायचं काय?

पेट्रोलची टाकी आणि पेट्रोलची नळी यांच्यापासून पाईप किमान चार बोटं लांब. एक्झॉस्टचा गॅस पोर्टमधून निघतो तेव्हा पाचशे डिग्रीच्या वर असतो, लोड असताना पाईप अंधारात लालसर दिसू शकतो. लांब ठेवायला जागाच नसेल तर मध्ये पत्र्याचं शील्ड, पाइपला न चिकटवता सेंटिमीटरभर हवेची फट ठेवून. मागचं टायर, चेन, क्लच यांच्यापासूनही अंतर बघा, आणि टायरचं बघताना हवा भरलेली हवी. तोंड मागे आणि किंचित खाली, चालवणाऱ्याच्या पोटरीकडे नाही आणि एअर फिल्टरकडे तर अजिबात नाही, स्वतःचाच धूर ओढायला लागलं की इंजिन गुदमरतं.

फ्लँजपासून पहिला बेंड सुरू होण्याआधी 25-30 मिमी सरळ पाईप सोडा. नाही सोडला तर सगळं देखणं वेल्ड करून झाल्यावर कळतं की नटावर पाना चढतच नाही.

## 5. बेंड

तीन रस्ते आहेत.

पहिला, रेलिंगचे तयार बेंड. जिन्याच्या स्टील रेलिंगच्या सामानाच्या दुकानात 1 इंची स्टेनलेसचे 90 डिग्रीचे एल्बो मिळतात, गुळगुळीत, सुंदर. दोन घेतले की काम होतं. अडचण एकच, ते स्टेनलेस आणि तुमचा पाईप एमएस. हे दोन 6013 ने जोडले तर सांधा ठिसूळ होतो आणि कधीतरी तडा जातो, त्याला 309 चा रॉड लागतो, वेल्डरला आधी विचारा आहे का. पत्राही पातळ असतो, 1 ते 1.2 मिमी, नवख्या हाताने आर्कने मारला की भोक पडलंच समजा.

दुसरा, फोडी. सरळ पाइपच्याच तिरक्या फोडी कापून बेंड बनवायचा. मला हाच आवडतो कारण सामान एकच, रॉड एकच, आणि कोन आपल्या हातात. 90 डिग्रीसाठी 15 डिग्रीच्या सहा फोडी, म्हणजे प्रत्येक कापा साडेसात डिग्रीचा. कटर साडेसात डिग्रीवर लावा, एक कापा मारा, पाईप 180 डिग्री फिरवा, पुढचा कापा, परत फिरवा, असं. फिरवायच्या आधी पाइपभर मार्करने सरळ रेघ ओढून ठेवा, जोडताना ती कामी येते. 50 मिमी त्रिज्येचा बेंड हवा असेल तर प्रत्येक फोड मध्यावर 13 मिमी, आतल्या अंगाला 10 च्या आसपास, बाहेरच्या अंगाला साडेसोळा. चॉप सॉ नसेल तर कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळून तिरकी रेघ आखा आणि ग्राइंडरने कापा, मग कानस. वेळ लागतो, पण होतं. पहिल्यांदाच करत असाल तर सहाच्या जागी चार फोडींचा (प्रत्येकी साडेबावीस) बेंड पण चालतो, जरा कोनाडा दिसतो एवढंच.

तिसरा, वाळू भरून तापवून वाकवणं, आपले जुने लोहार करतात तसं. एका टोकाला लाकडी खुंटी, आत बारीक वाळू ठोकून ठोकून गच्च, दुसरी खुंटी, मग गॅसने लालबुंद करून हळू वाकवायचं. दिसायला एकदम मस्त येतो. पण वाळू पूर्ण कोरडी हवी, कढईत भाजून घेतलेली. ओली किंवा नुसती दमट वाळू असेल तर आत वाफ होते आणि खुंटी गोळीसारखी सुटते. एका खुंटीला बारीक भोक ठेवा आणि तापवताना टोकांसमोर कोणी उभं राहू नका. अजून एक, ईआरडब्ल्यू पाइपला आतून लांबलचक शिवण असते, ती बेंडच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला न ठेवता बाजूला ठेवा, तिथे ताण कमी असतो. नाहीतर शिवण उसवते.

## 6. टॅक आणि वेल्डिंग

आधी फ्लँज आणि पहिला सरळ तुकडा इंजिनावरच बसवून टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारायचे, म्हणजे दिशा बरोबर येते. त्याआधी टाकी काढून लांब ठेवा. अर्धी रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीत उरलेली वाफच जास्त धोक्याची. प्लगची कॅप काढा. पोर्टच्या तोंडावर पातळ पत्र्याचा तुकडा धरा म्हणजे ठिणग्या आत जाणार नाहीत. आणि अर्थचा क्लॅम्प इंजिनावर किंवा फ्रेमवर नाही, पाइपलाच, सांध्याच्या जवळ. लांब लावला तर करंट क्रँकच्या बेअरिंगमधून किंवा कॉइलकडून रस्ता काढू शकतो आणि मग इंजिन कशाने गेलं ते कळत पण नाही.

प्रत्येक सांध्याला समोरासमोर चार टॅक. एकाच बाजूने सुरू केलं तर गार होताना वेल्ड आकसतं आणि पाईप त्या बाजूला ओढला जातो, एका सांध्याला थोडा, पण सहा फोडींना मिळून टोक भलतीकडेच जातं. सगळे टॅक झाले की परत गाडीवर बसून बघा. आत्ता टॅक तोडणं सोपं आहे.

पूर्ण वेल्डिंग इंजिनावरून काढून. 10 मिमीच्या प्लेटला स्टडच्या जागी दोन भोकं पाडून फ्लँज त्यावर घट्ट बोल्ट करा, वेल्ड करा, आणि पूर्ण गार होईपर्यंत काढू नका. पाणी ओतायचं नाही. नुसता हवेत धरून वेल्ड केलेला फ्लँज केळीसारखा वाकतो. एवढं करूनही शेवटी काचेवर एमरी पेपर पसरून फ्लँज आठच्या आकड्यात घासा, सगळीकडे सारखी चमक आली की सपाट.

16 गेजला 2 मिमीच्या रॉडने 45-50 अँपिअरपासून सुरू करा, आधी त्याच पाइपच्या भंगार तुकड्यावर. भोक पडायला लागलं तर करंट कमी करण्याआधी फट बघा, बहुतेक वेळा कापा नीट जुळलेला नसतो हेच खरं कारण. सेंटिमीटरभर मारा, थांबा, समोरच्या बाजूला जा. प्रत्येक वेळी खपली (वेल्डवर जमणारा कडक थर) चिपिंग हॅमरने काढा, खपलीवर परत रॉड चालवला की आत पोकळ राहतं.

आतून जिथे हात पोचतो तिथे गोल कानस फिरवा. मग गळती तपासा: फ्लँजवर रबराचा तुकडा आणि प्लेट आवळा, दुसऱ्या टोकाने हवा सोडा, आणि पंक्चरवाल्यासारखं पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडे आले तिथे खडूने खूण, वाळवून परत वेल्ड.

## 7. सायलेन्सर

नुसता पाईप सोडू नका. मोकळ्या पाइपचा आवाज या इंजिनाला अजिबात शोभत नाही, जनरेटर फुटल्यासारखा येतो, आणि शेजारी पहिल्याच दिवशी तोंड फिरवतात.

घरी बनवायचा सोपा प्रकार म्हणजे आत जाळीदार नळी, भोवती रॉकवूल, बाहेर डबा. आतली नळी त्याच 1 इंची पाइपची, 10-12 इंच लांब, तिला सगळीकडे 4 मिमीची भोकं, जेवढी जास्त तेवढं चांगलं, आतला बर (भोकांच्या कडेची धार) कानशीने काढलेला. बाहेरून अडीच इंची पाईप. नळीवर आधी स्टील वूलचा एक थर, मग रॉकवूल. फ्रिज-एसीवाल्याकडची ग्लासवूल भरू नका, ती इतकी उष्णता सोसत नाही आणि हळूहळू उडून जाते. मागचं झाकण वेल्ड न करता स्क्रूने लावा, वूल कधीतरी बदलावी लागतेच. हातमोजे घाला, रॉकवूल दोन दिवस खाजवते.

असा सायलेन्सर कर्कशपणा कापतो, खालचा ढब-ढब तसाच राहतो. ज्यांना खरंच शांत गाडी हवी त्यांनी भंगारातून जुन्या फोर-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर आणावा. स्प्लेंडरचा मिनीबाईकला लांब पडतो, ॲक्टिव्हाचा आखूड पोटाचा बरा बसतो. पुण्यात जुना बाजार (बुधवार-रविवार) किंवा नाना पेठ, मुंबईत कुर्ला, कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास विचारलं की मिळतो. नव्या मॉडेलमध्ये आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो तुंबलेला असेल तर इंजिन दम धरत नाही, टोकाला तोंड लावून फुंकून बघा हवा सहज जाते का. बिल मागून घ्या. कन्व्हर्टरमधल्या महागड्या धातूंसाठी गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात, ईको गाड्यांच्या तर किती बातम्या आल्या, उगाच आपल्याकडे तसला माल नको.

आरएक्स100, राजदूत, लुना यांचे सायलेन्सर स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. त्यांचं फुगीर पोट टू-स्ट्रोकच्या लाटांसाठी असतं, आपल्या इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही, आणि आत वर्षानुवर्षांचं ऑइल आणि काजळी बसलेली असते. त्याला वेल्डिंग लावलं की आतून पेट घेतो.

टोकाला ठिणगी अडवणारी स्टीलची बारीक जाळी हवीच, अर्ध्या मिमीच्या आसपास भोकं असलेली. आपण या गाड्या चालवतो कुठे, शेताच्या कडेने, माळावर. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेलं गवत किंवा उसाचं पाचट पेटायला काजळीची एक ठिणगी पुरते.

## 8. सपोर्ट

फ्लँजच्या दोन स्टडवर अख्खा सायलेन्सर लोंबकळत ठेवला तर काही दिवसांत एकतर फ्लँजजवळचं वेल्ड चिरतं नाहीतर हेडमधले आटे जातात. एक सिलिंडरचं इंजिन, थरथर भरपूर. त्यामुळे सायलेन्सरच्या पोटाजवळ एक सपोर्ट पाहिजेच.

पण तो बांधायचा कुठे? बहुतेक जण फ्रेमला बांधतात. आता चेन सैल झाली की काय करता? इंजिनाचे चार बोल्ट ढिले करून इंजिन खाचेत मागेपुढे सरकवता. सायलेन्सर फ्रेमला घट्ट असेल तर इंजिन सरकताना पाईप ताणला जाणार, आणि तुम्ही नट आवळून तो ताण कायमचा आत कोंडणार. म्हणून सपोर्ट इंजिनाच्याच बोल्टवरून घ्या, मूळ सायलेन्सरचा सपोर्ट जिथे होता ती जागा वापरा. फ्रेमवरूनच घ्यावा लागला तर पट्टीला भोक न पाडता लांब खाच पाडा आणि चेन लावून झाल्यावर तो बोल्ट सगळ्यात शेवटी आवळा. इंजिन रबरी बुशवर असेल तर फ्रेमला अजिबातच नको.

## 9. गॅस्केट आणि बसवणं

तयार गॅस्केट मिळालं तर उत्तम, पॉवर वीडरचे पार्ट विकणाऱ्यांकडे मिळतं. नाही तर तांब्याचा पत्रा कापा, गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं (लोखंडाच्या उलट). कॉर्क, पेपर पॅकिंग जळून जातं. लाल आरटीव्ही सिलिकॉन लावायचा मोह टाळा, तो तीनशेच्या आसपासपर्यंतच टिकतो, पोर्टजवळ त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं.

स्प्रिंग वॉशर इथे फार काळ काम करत नाही, तापून त्याची स्प्रिंग मरते. पितळी नट किंवा वर दुसरा लॉक नट लावा, आट्यांना कॉपर ग्रीस. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. टॉर्क पाना असेल तर 20-24 न्यूटन मीटर पुरे, नसेल तर छोटा पाना वापरा, लांब पान्याने आवळायचा जोर अंदाजात येत नाही.

## 10. पहिला स्टार्ट

उघड्यावर. बंद शेडमध्ये, गॅरेजचं शटर अर्धं ओढून वगैरे नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दहाएक मिनिटं चालू द्या. फ्लँजजवळ टिक-टिक आवाज येतोय? गळतंय. खात्री करायची असेल तर पेट्रोलपासून लांब, फ्लँजशी उदबत्ती धरा, धूर झटके देत उडतो. थ्रॉटल सोडल्यावर फाट-फाट होत असेल तर तेही बहुतेक फ्लँजमधून हवा आत ओढली जातेय म्हणून, कार्बोरेटरला हात लावायच्या आधी नट बघा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर दोन्ही नट परत आवळा, पहिल्या तापण्यात गॅस्केट दबतंच.

मग प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर काही करू नका. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय, मोकळा सायलेन्सर लावला की असं होतं, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक साइझ मोठा लावून परत बघा. काळा कुळकुळीत असेल तर आधी एअर फिल्टर साफ करा.

रंग यानंतर. गंज ग्राइंड करून, थिनरने पुसून, पातळ दोन-तीन हात. डब्यावर लिहिलं असेल तसं टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करायचा: पाच मिनिटं चालू, गार, मग दहा मिनिटं, गार. सरळ फुल थ्रॉटल दिलं तर फोड येतात. काळी पट्टी, ती हीट रॅप, एमएस पाइपवर मला पटत नाही, पावसाळ्यात आत ओल धरते आणि पाईप गुपचूप सडतो. पाय भाजू नये म्हणून हवी असेल तर त्याऐवजी जाळीचं गार्ड लावा.

## 11. कुठे चालवायची

खासगी जागेत, हेल्मेट घालून. मिनीबाईकला पासिंग नाही, नंबर नाही, त्यामुळे रस्त्यावर आणायचीच नाही, "कोपऱ्यापर्यंतच जातो" असं पण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 120 वा नियम सायलेन्सरचा आहे, आणि आवाज-धुरासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. घरातलं अठराच्या आतलं पोरगं रस्त्यावर सापडलं तर कलम 199ए, 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला किंवा गाडीमालकाला. पोलिसांनी बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा टोकाची जाळी काढून पितळी ब्रशने काजळी झाडा, ती तुंबली की गाडी चढाला मागे ओढते आणि लोक उगाच कार्बोरेटर उघडून बसतात. तेव्हाच फ्लँजचे नट आणि सपोर्टचा बोल्ट पान्याने बघून घ्या. आवाज अचानक मोठा झाला तर रॉकवूल संपली, मागचे स्क्रू काढा आणि नवीन भरा.